कोष्टकांतील खोटीं शून्यें

शाळेच्या गुणपत्रकांत एका मुलाच्या नांवापुढें शून्य असतें आणि दुसऱ्याच्या नांवापुढें 'गैरहजर' असा शेरा असतो. दोघांच्याही पदरांत गुण पडलेले नसतात. तरी पण ह्या दोन नोंदी एक नव्हेत, हें वर्गांतील लहान मुलालाही समजतें. पहिला मुलगा परीक्षेस बसला, त्यानें उत्तरपत्रिका दिली आणि त्याला कांहीं आलें नाहीं; दुसऱ्याला काय येत होतें तें कोणालाच ठाऊक नाहीं. आतां पांच मुलांपैकीं चौघांस अनुक्रमें ७०, ६०, ४० व ३० गुण मिळाले आणि पांचवा तापानें घरीं राहिला असें धरलें, तर परीक्षेस बसलेल्यांची सरासरी ५० येते. परंतु नक्कल उतरविणाऱ्या कारकुनानें 'गैरहजर' हा शब्द चौकटींत मावत नाहीं म्हणून तेथें ० लिहिलें, तर तीच सरासरी ४० वर उतरते. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर चूक! अशी चूक हिशेब कितीही वेळां तपासला तरी सांपडत नाहीं. कारण ती हिशेबांत नसून हिशेबाच्या आधींच्या कोष्टकांत असते.

संगणकाच्या साह्यानें आंकडेशास्त्राचें काम करणाऱ्या मंडळींचा पुष्कळसा वेळ अशा कोष्टकांची डागडुजी करण्यांत जातो. कोठें गहाळ नोंदीच्या जागीं ० पडलेलें असतें, कोठें ९९ किंवा ९९९ असतात. कोठें एकाच गांवाचें नांव तीन तऱ्हांनीं लिहिलेलें असतें. चुकीचें मूल्य काढून त्या जागीं योग्य मूल्य बसविणें हें काम ऐकावयास हलकें वाटतें. परंतु शेंकडों ओळींच्या कोष्टकांत तें हातानें करूं म्हटल्यास डोळे शिणतात व नव्या चुका शिरतात. आणि यंत्राकडून करवून घ्यावयाचें तर काय बदलावयाचें, कोठें बदलावयाचें व कोठें बदलावयाचें नाहीं, हें एकही शब्द मोघम न ठेवतां सांगावें लागतें. ह्या कामांत किती सावधगिरी लागते तें दाखविणारें एक खरेंखुरें कोष्टक आहे.

अमेरिकेंतील ऍरिझोना राज्यांत, फीनिक्स शहराच्या आसमंतांत, पीमा नांवाच्या मूळ रहिवासी जमातीची वस्ती आहे. ह्या जमातींतील ७६८ स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीचें हें कोष्टक होय. प्रत्येक स्त्रीची एक ओळ, आणि प्रत्येक ओळींत नऊ रकाने: ती किती वेळां गरोदर राहिली; ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनीं रक्तांत साखर किती होती; रक्तदाबाचा खालचा आंकडा; दंडाच्या मागील बाजूच्या कातडीच्या घडीची जाडी; रक्तांतील इन्शुलिन; उंचीच्या मानानें वजन; घराण्यांतील मधुमेहाचा वारसा दर्शविणारा एक आंकडा; वय; आणि शेवटीं, पुढील पांच वर्षांच्या आंत मधुमेह जडला असल्यास १, नसल्यास ०. सर्व स्त्रिया एकवीस वर्षें किंवा त्याहून अधिक वयाच्या. १९८८ मध्यें कांहीं संशोधकांनीं मधुमेहाचें भाकीत संगणकास करतां येईल कीं काय, हें ह्या कोष्टकावरून अजमावून पाहिलें. ५७६ ओळी यंत्रास शिकविण्याकरितां व उरलेल्या १९२ ओळी त्याची परीक्षा घेण्याकरितां, अशी त्यांनीं वांटणी केली होती. १९९० मध्यें तें कोष्टक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील सार्वजनिक भांडारांत दाखल झालें, आणि तेव्हांपासून जगांतील असंख्य विद्यार्थ्यांनीं त्यावर हात बसविला.

आतां गंमत अशी, कीं ह्या कोष्टकांतील ३५ स्त्रियांचा रक्तदाब शून्य आहे. रक्तदाब शून्य झालेली बाई दवाखान्यांत येऊन दंड पुढें करीत नाहीं! ११ स्त्रियांना वजनच नाहीं, ५ जणींच्या रक्तांत साखरेचा कणही नाहीं, २२७ जणींच्या दंडावरील कातडीला जाडी नाहीं, आणि ३७४ जणींच्या इन्शुलिनच्या रकान्यांत ० आहे. अर्थात् हीं मोजून आलेलीं शून्यें नव्हेत. मोजमाप झालें नाहीं, किंवा झालेलें हातीं राहिलें नाहीं, तेथें कोणी तरी ० भरून ठेविलें, एवढाच त्याचा अर्थ. असें असूनही भांडाराच्या माहितीपत्रकांत 'ह्या कोष्टकांत गहाळ नोंदी नाहींत' असें २८ फेब्रुवारी २०११ पर्यंत नमूद होतें. भांडाराचा उपयोग करणाऱ्या एका गृहस्थानें रक्तदाबाच्या शून्यांकडे बोट दाखविलें, तेव्हां पत्रकांत दुरुस्ती झाली. तोंपर्यंत कोष्टक तेथें येऊन वीस वर्षें उलटलीं होतीं.

ह्या शून्यांनीं काय बिघडतें तें आंकड्यांवरूनच पाहावें. इन्शुलिनच्या रकान्याची सरासरी शून्यांसह काढली तर ७९.८ येते, शून्यें वगळून उरलेल्या ३९४ स्त्रियांची काढली तर १५५.५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कातडीच्या घडीची सरासरी २०.५ मिलिमीटरांवरून २९.२ वर जाते. रक्तदाबाचा फरक त्या मानानें लहान, ६९.१ च्या ऐवजीं ७२.४, परंतु लहान फरकच अधिक फसवा म्हटला पाहिजे, कारण ७९ आणि १५५ ह्यांतील तफावत एखाद्या डॉक्टरास तरी खटकेल, ६९ हा आंकडा कोणासच खटकणार नाहीं.

हीं माणसें कोण, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नाहीं तर ७६८ हा नुसता आंकडाच राहावयाचा. पीमा हें नांव परक्यांनीं दिलेलें. ते लोक स्वतःस 'अकिमेल ओओदम', म्हणजे नदीचे लोक, म्हणवितात. ती नदी हीला. तिच्या पाण्यावर कालवे काढून शेती करण्यांत ह्या लोकांचा हातखंडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नदीच्या वरच्या अंगास वसलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीं पाणी वळविलें, खालचीं शेतें कोरडीं पडलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न व श्रम दोन्ही बदललीं. पुढें ह्या समाजांत मधुमेहाचें प्रमाण फारच मोठें आढळलें, आणि १९६५ पासून तेथें त्या रोगाचा दीर्घ अभ्यास चालला. कोष्टकांतील प्रत्येक ओळीमागें सुई टोंचून घेतलेली एक बाई आहे. तिचें जें मोजलें गेलें नाहीं तें मोजलें गेलें, असें दाखविण्याचा अधिकार कोष्टक उतरविणाऱ्यास नाहीं.

अशा दुरुस्तीस जीं साधनें उपलब्ध आहेत त्यांत 'आर' नांवाची आंकडेशास्त्राची संगणकी भाषा प्रमुख आहे. तिचें मूळ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ मध्यें जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं सुरू केलेल्या 'एस' ह्या भाषेंत आहे. न्यू झीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन ह्या दोन अध्यापकांनीं १९९० नंतरच्या वर्षांत तिच्या धर्तीवर नवी भाषा रचली. दोघांच्याही नांवाचें इंग्रजी आद्याक्षर एकच, आणि 'एस'च्या शेजारचें. त्यावरून 'आर' हें नांव पडलें. १९९५ पासून ती सर्वांस विनामूल्य खुली आहे, व तिची पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली.

ह्या भाषेंत 'गैरहजर' ह्या शेऱ्यासाठीं स्वतंत्र चिन्ह आहे. त्याचीं इंग्रजी अक्षरें 'एन' आणि 'ए'. त्याचा अर्थ 'उपलब्ध नाहीं'. हें चिन्ह संख्येच्या रकान्यांत बसतें, परंतु तें संख्या नव्हे. ब्रह्मगुप्तानें ६२८ मध्यें शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, त्यांतील शून्य ही एक राशि आहे. समान राशींतून समान राशि वजा केली म्हणजे तें निश्चितपणें उरतें. 'एन-ए' मध्यें निश्चित असें कांहींच नाहीं. म्हणूनच त्यांत ५ मिळविले तर उत्तर 'एन-ए', त्याला १० नीं गुणलें तरी 'एन-ए', आणि तें ५ हून मोठें आहे काय असें विचारलें तर उत्तर 'होय' नाहीं, 'नाहीं' ही नाहीं, पुन्हां 'एन-ए' च. एक अज्ञात दुसऱ्या अज्ञाताबरोबर आहे काय, ह्याचें उत्तरही अज्ञातच येतें. हें प्रथम विक्षिप्त वाटतें. परंतु ज्यांचीं वयें ठाऊक नाहींत असे दोन पांथस्थ समवयस्क आहेत काय, ह्याला शहाणा माणूस तरी दुसरें कोणतें उत्तर देईल?

बदल करण्याची आज्ञा देतांना मनांत तीन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली पायरी प्रश्नाची. रक्तदाबाचा सबंध रकाना घेऊन तो शून्याबरोबर आहे काय, असें विचारतात. त्यासाठीं बरोबरीचें चिन्ह दोनदां लिहावयाचें असतें. ह्या एका प्रश्नाला भाषा एकदम ७६८ उत्तरें देते, प्रत्येक ओळीसाठीं 'सत्य' किंवा 'असत्य'. दुसरी पायरी निवडीची. तो प्रश्न चौकोनी कंसांत घालून रकान्याच्या नांवापुढें ठेविला कीं जेथें उत्तर 'सत्य' आलें तेवढ्याच जागा हातीं येतात, बाकीच्या झांकल्या जातात. तिसरी पायरी भरण्याची. कंसापुढें डावीकडे तोंड केलेला बाण काढून त्याच्या मागें 'एन-ए' लिहिलें, कीं निवडलेल्या ३५ जागीं तें चिन्ह जाऊन बसतें आणि उरलेल्या ७३३ जागांस धक्काही लागत नाहीं. ही सर्व आज्ञा एका ओळींत मावते.

जुने हात मात्र ती ओळ लिहिण्यापूर्वीं आणखी एक ओळ लिहितात. भाषा 'सत्य' हें १ व 'असत्य' हें ० असें मोजते. म्हणून पहिल्या पायरीच्या उत्तरांची नुसती बेरीज मागितली तर किती जागा बदलणार तें आधींच कळतें. ३५ अपेक्षित असतां ३५० आले तर हात तेथेंच आंवरतां येतो. बदल झाल्यावर 'एन-ए' किती झाले तेंही मोजून पाहतात. ह्या खबरदारीस अर्धें मिनिट लागतें. शिवाय हे सर्व बदल स्मृतींत घेतलेल्या प्रतीवर होतात. मूळ फाईल, तिच्यावर मुद्दाम लिहिल्याखेरीज, जशीच्या तशी राहते. तिच्यावर कधींच लिहूं नये, आणि दिलेल्या आज्ञा मात्र क्रमानें जपून ठेवाव्यात, म्हणजे चुकलेली वाट पुन्हां मागें चालतां येते.

इतकी सोपी आज्ञा पाहून नवशिक्यास मोह होतो तो असा, कीं पांच रकान्यांसाठीं पांच वेळां लिहिण्यापेक्षां सबंध कोष्टकासच एकदां सांगावें, 'जेथें जेथें शून्य तेथें तेथें एन-ए'. भाषा ही आज्ञाही बिनतक्रार पाळते, आणि घात होतो. कारण गरोदरपणाच्या रकान्यांत १११ शून्यें आहेत, तीं खरीं आहेत: त्या स्त्रिया कधींच गरोदर राहिल्या नव्हत्या. शेवटच्या रकान्यांत ५०० शून्यें आहेत, तींही खरीं: त्यांना मधुमेह जडला नाहीं. कोष्टकांत खोटीं शून्यें एकंदर ६५२ आणि खरीं ६११. सरसकट आज्ञेनें रोगी तेवढ्या रोगी म्हणून उरतात व निरोगी सर्व अज्ञात होतात. फाईल वाचून घेतांनाच 'अमुक चिन्ह म्हणजे गहाळ समजावें' असें सांगण्याचीही सोय 'आर'मध्यें आहे. परंतु तेथें ० सांगितलें तर तीही सर्व रकान्यांस एकाच मापानें मोजते आणि परिणाम तोच होतो. कोणतें शून्य खरें व कोणतें खोटें हें यंत्रास ठरवितां येत नाहीं. तें ठरविण्यास रक्तदाब म्हणजे काय हें ठाऊक असावें लागतें.

क्रमाचाही एक फांस आहे. समजा, शेवटच्या रकान्यांतील खुणा उलट करावयाच्या आहेत, म्हणजे निरोगी स्त्रीस १ आणि मधुमेह जडलेलीस ०. पहिल्या आज्ञेनें सर्व ० चे १ केले, दुसरीनें सर्व १ चे ० केले. पहिल्या आज्ञेनंतर रकान्यांत १ शिवाय दुसरें कांहीं उरलेलेंच नसतें. तेव्हां दुसरी आज्ञा त्या सर्वांना ० करते, आणि ७६८ स्त्रिया एका रांगेंत उभ्या राहतात. उपाय सोपा आहे: जुना रकाना तसाच ठेवून त्याकडे पाहात पाहात नवा भरावा. ह्यासाठीं 'अट खरी असेल तर हें, नसेल तर तें' अशी एक वेगळी आज्ञाही आहे, आणि ती जुन्या मूल्यांवर एकाच वेळीं चालते.

अक्षरांच्या रकान्यांची कथा निराळी. हेंच कोष्टक 'आर'च्या वापरासाठीं तयार केलेल्या एका संग्रहांत मिळतें. तेथें शेवटच्या रकान्यांत ० आणि १ ह्यांच्याऐवजीं मधुमेहाविषयीं 'नकारी' व 'होकारी' अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत, आणि तो रकाना 'फॅक्टर' ह्या जातीचा आहे. फॅक्टरमध्यें कोणते शब्द चालतील त्यांची यादी आधींच ठरलेली असते. यादीबाहेरचा शब्द कोणी आणला तर भाषा त्याला दारांतच अडविते. एखाद्यानें 'नकारी' ह्या शब्दाच्या जागीं 'निरोगी' घालण्याची नेहमींची आज्ञा दिली, तर 'निरोगी' यादींत नसल्यामुळें ५०० जागीं 'एन-ए' येऊन बसतें. भाषा इशारा देते खरी. परंतु तो तांबड्या अक्षरांतील इशारा न वाचतां पुढें जाणारे लोक पुष्कळ. येथें मूल्य न बदलतां यादींतील नांव बदलावें लागतें. म्हणजे पाटी बदलली कीं तिच्याखालीं उभे असलेले पांचशेंही आपोआप नव्या नांवाचे होतात. २०२० च्या एप्रिलमध्यें निघालेल्या चौथ्या आवृत्तीपूर्वीं ही भाषा अक्षरांचा कोणताही रकाना वाचतांना न विचारतांच त्याचा फॅक्टर करीत असे. त्या काळांत ह्या फांसांत किती जण सांपडले असतील!

उलट दिशेचें काम, म्हणजे 'एन-ए' काढून तेथें दुसरें कांहीं घालणें, ह्यांत नवशिका हटकून एक चूक करतो. तो विचारतो, 'हा रकाना एन-ए च्या बरोबर आहे काय?' वर सांगितल्याप्रमाणें ह्या प्रश्नाला प्रत्येक ओळींत उत्तर 'अज्ञात' येतें, एकही जागा निवडली जात नाहीं, आणि आज्ञा कांहींही न करतां, चूक झाली असें न सांगतां, शांतपणें संपते. त्यासाठीं 'हें गहाळ आहे काय' असें विचारणारी स्वतंत्र क्रिया भाषेंत आहे. तिचें उत्तर नेहमीं 'होय' किंवा 'नाहीं' असेंच येतें.

पण त्या जागीं घालावयाचें काय? खोटें शून्य काढून 'एन-ए' घातल्यावर सरासरी मागितली तर भाषा 'एन-ए' असेंच उत्तर देते. गहाळ नोंदी वगळून काढ, असें तिला स्पष्ट सांगावें लागतें. पुष्कळांना ही अरेरावी वाटते. वस्तुतः ती वगळण्याची जबाबदारी सांगणाराकडून कबूल करून घेते, इतकेंच. ज्या ओळींत एक जरी नोंद गहाळ असेल ती सबंध ओळ काढून टाकणें हा एक मार्ग. त्यानें ७६८ पैकीं ३९२ च ओळी शिल्लक राहतात, आणि ज्या ३७६ स्त्रिया बाहेर गेल्या त्या राहिलेल्यांसारख्याच होत्या कीं नव्हत्या, हा प्रश्न उभा राहतो. दुसरा मार्ग, सर्व रिकाम्या जागीं सरासरी भरणें. इन्शुलिनच्या रकान्यांत असें केलें तर जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा आंकडा दशांशापर्यंत एकच, १५५.५, होतो, सरासरी हालत नाहीं, पण माणसांमाणसांतील स्वाभाविक फरक नाहींसा होतो, आणि साखर व इन्शुलिन ह्यांचा संबंध आहे त्याहून फिका दिसूं लागतो. शून्य निदान ओरडून आपला खोटेपणा सांगतें, १५५.५ हा आंकडा सभ्य माणसासारखा गर्दींत मिसळून जातो.

ह्या प्रश्नाचा खोल विचार अमेरिकेंतील आंकडेशास्त्रज्ञ डोनाल्ड रूबिन ह्यांनीं केला. १९७६ च्या एका निबंधांत त्यांनीं नोंद गहाळ कां झाली ह्या कारणाकडे लक्ष वेधलें. नळी फुटली म्हणून मोजमाप राहिलें असेल तर एक गोष्ट. परंतु ज्या बाईची प्रकृति अधिक बिघडलेली तिचीच तपासणी राहून गेली असेल तर उरलेल्या आंकड्यांवरून काढलेला निष्कर्ष वांकडाच येणार. १९८७ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं रिकामी जागा एकाच आंकड्यानें न भरतां, इतर रकान्यांवरून संभवणाऱ्या निरनिराळ्या आंकड्यांनीं अनेक वेळां भरावी, प्रत्येक भरलेल्या कोष्टकावर हिशेब करावा व शेवटीं त्यांची गोळाबेरीज घ्यावी, ही पद्धत मांडली. म्हणजे न मोजलेल्याविषयींची अनिश्चितता उत्तरांत उतरते, झांकली जात नाहीं. 'आर'मध्यें हें काम करणारें एक प्रसिद्ध साधन हॉलंडमधील स्टेफ फान ब्युरेन ह्यांनीं सहकाऱ्यांसह तयार केलें आहे. त्याच्या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांपासून 'माइस', म्हणजे उंदीर, असा शब्द होतो. रिकाम्या कोठारांत दाणे भरणाऱ्या साधनास हें नांव मिळावें, हा योगायोग विनोदीच आहे!

'आर'च्या ज्या संग्रहाचा वर उल्लेख झाला त्यांत हें पीमा कोष्टक दोनदां ठेविलेलें आहे. एकांत शून्यें जशीं आलीं तशींच आहेत. दुसऱ्याचें नांव तेंच, शेवटीं फक्त २ हा आंकडा. त्यांत ६५२ जागीं 'एन-ए' घातलेलें आहे आणि गरोदरपणाच्या रकान्यांतील १११ शून्यांना कोणीं हात लावलेला नाहीं. जो विद्यार्थी तो शेवटचा आंकडा लिहावयास विसरतो, त्याला पहिलें कोष्टक मिळतें. आणि त्यांतील ३५ स्त्रियांचा रक्तदाब अजून शून्यच आहे.